कुंदनला मरू द्या

प्रति,
जुन्या हिंदी चित्रपटांचे हक्क ज्यांच्या कपाटात आहेत त्या सर्व कंपन्यांच्या मालक-संचालकांस,

विषय : शोकान्त प्रेमपटांचे शेवट बदलण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी सिनेमाच्या धंद्यातली नाही, समीक्षकही नाही. तिकीट काढून सिनेमा पाहणारी, आवडला तर पुन्हा पाहणारी आणि घरी येऊन त्यावर तासन्‌तास भांडणारी बाई आहे. तुमच्या हिशेबात माझ्यासारख्यांची नोंद 'गल्ला' या एका शब्दात होते. तेव्हा त्या गल्ल्यातली एक चुरगळलेली नोट तुम्हाला पत्र लिहिते आहे, असं समजा.

पत्राला कारण घडलं ते १ ऑगस्ट २०२५ रोजी. 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' त्या दिवशी पुन्हा चित्रपटगृहांत लागली. २०१३ साली आम्ही पाहिला त्या सिनेमात नायक कुंदन मरतो. इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या तो मनाशी बोलत राहतो, बनारसबद्दल, जिच्यावर जीव लावला त्या झोयाबद्दल, पुन्हा जन्म घ्यायचा की नाही याबद्दल, आणि बोलता बोलता संपतो. नव्या आवृत्तीत तो डोळे उघडतो. त्याला जगवलं कृत्रिम बुद्धिमत्तेनं. दिग्दर्शक आनंद एल. राय यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी जाहीर हरकत घेतली, कुंदन झालेल्या धनुषनंही घेतली. पण १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं नाव पोस्टरवर केवढंही मोठं असो, या बाबतीत कायद्याच्या पुस्तकात तो पाहुणाच. म्हणजे तुम्ही केलंत ते कदाचित कायद्याला धरून असेलही. माझं भांडण कायद्याशी नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, 'एवढं काय बिघडलं? मेलेला माणूस जिवंत झाला. लोक आनंदानं घरी गेले.' तुमच्या बैठकीतही कुणीतरी हेच म्हणालं असणार. त्याला उत्तर द्यायचं तर मला माझ्या मावशीची गोष्ट सांगावी लागेल.

'कयामत से कयामत तक' २९ एप्रिल १९८८ला प्रदर्शित झाला. आमच्या सोलापुरात त्याच्या आधी त्याची कॅसेट येऊन पोचली. मी अकरावीत होते. मावशी आमच्याकडेच राहायची, शिक्षिका होती, आणि घरातला एकुलता एक टेपरेकॉर्डर तिच्या पगाराचा होता. आनंद-मिलिंद ही संगीतकार जोडी तेव्हा कुणाला फारशी ठाऊक नव्हती. ती जुने संगीतकार चित्रगुप्त यांची मुलं, हे मावशीनंच सांगितलं. गाणी मजरूह सुलतानपुरींची. हा माणूस तेव्हा सत्तरीला टेकला होता आणि विशीतल्या पोरांसाठी लिहीत होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी आमच्याच वर्गातला मुलगा असणार.

त्या कॅसेटवर 'अकेले हैं तो क्या गम है' हे गाणं होतं. सिनेमा पाहण्याआधी आम्ही ते भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, कधीही लावायचो. हलकंफुलकं गाणं. दोघंच आहोत, बाकी कुणी नाही, बरंच झालं, अशा थाटाचं.

मग सिनेमा लागला. घरातून पळालेली ती दोन पोरं एका पडक्या किल्ल्यात संसार मांडतात आणि तेव्हा ते गाणं येतं. तेव्हाही आम्ही हसतच होतो. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रश्मीला गोळी लागते, राज खंजीर चालवून घेतो, सूर्य बुडतो आणि दोन्हीकडचे घरचे लोक धावत येतात. पोचेपर्यंत काही उरलेलं नसतं. आमच्या थिएटरात दिवे लागले तरी लोक खुर्च्यांवरून उठेनात. 'पापा कहते हैं'ला शिट्ट्या मारणारी स्टॉलमधली पोरं मान खाली घालून बसली होती. एरवी शेवटचं रीळ संपायच्या आत दाराशी गर्दी करणारं आमचं गाव ते.

घरी आल्यावर पुन्हा कॅसेट लावली. ते गाणं आलं आणि मावशीनं उठून पुढे पळवायचं बटण दाबलं. किर्रर्र आवाज चालू, आणि मावशी ओठांतल्या ओठांत मोजतेय. अठरापर्यंत मोजलं की बोट उचलायचं, पुढचं गाणं बरोबर सुरू. तिचा हा अंदाज कधी चुकला नाही. तेच गाणं, तीच चाल, उदित नारायण आणि अलका याज्ञिक यांचे तेच आवाज, आणि तरी ते आता ऐकवत नव्हतं.

तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं सगळं याच्याच पोटात येतं. शोकान्त प्रेमपटाची गाणी शेवटावर उभी असतात. सिनेमात ती आधी येतात आणि खरी ऐकू येतात ती नंतर. दोघं हसताहेत, आणि आपल्याला माहीत आहे की आता फार वेळ नाही. हे माहीत असणं काढून घ्या, मग त्या गाण्यात उरतं काय? चांगली चाल उरते. चांगल्या चाली हिंदी सिनेमात हजारोंनी पडल्या आहेत. त्यातल्या मोजक्याच तीस-पस्तीस वर्षं माणसाच्या मागे लागतात.

जुन्या संगीतकारांना हे पुरतं कळलेलं होतं. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५३च्या 'अनारकली'त एकच गाणं दोनदा वापरलं. लताबाई पहिल्यांदा 'ये जिंदगी उसी की है' गातात तेव्हा ते प्रेमात पडलेल्या मुलीचं गाणं असतं. दुसऱ्यांदा तिच्याभोवती भिंत चढत असते. 'एक दूजे के लिए'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 'तेरे मेरे बीच में'चं तेच केलं. एकदा लताबाई आणि बालसुब्रह्मण्यम यांचं युगुलगीत, आणि एकदा बालसुब्रह्मण्यम एकटेच. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच सिनेमासाठी. आता कल्पना करा, तुमच्या संगणकानं वासू आणि सपनाला गोव्याच्या त्या कड्यावरून परत आणलं. मग ते एकट्याचं गाणं कुणासाठी होतं? त्याला तुम्ही कुठे ठेवाल?

'रांझणा'कडे परत येते. तुम्हाला वाटत असेल, ही बाई कुंदनच्या प्रेमात आहे. अजिबात नाही. २०१३ साली सिनेमा पाहून आल्यावर मी इतकी चिडले होते की त्या रात्री जेवताना घरात दोन तट पडले. नवरा म्हणाला, 'असं प्रेम आता कोण करतं!' मी म्हटलं, 'नको म्हणणाऱ्या मुलीच्या मागे वर्षानुवर्षं फिरायचं, तिच्यासमोर मनगट कापून घ्यायचं, याला प्रेम म्हणतात का?' त्या वर्षी हा वाद घरोघरी झाला, वर्तमानपत्रांतही झाला. शेजारच्या वहिनींना सिनेमा मुळीच आवडला नव्हता, पण रहमानची गाणी त्यांच्या स्वयंपाकघरात रोज वाजत. एकाच घरात तिघांची तीन मतं, आणि गाण्यांबद्दल मात्र एकमत, हे हिंदी प्रेमपटांचं जुनं दुखणं आहे.

माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिनं 'रांझणा' पाहिला गेल्या वर्षी. मी तयारीत होते, ती कुंदनला फाडून खाणार म्हणून. तिनं फाडलंच. पण शेवटी म्हणाली, 'आई, तू एक गोष्ट विसरतेस. सिनेमा त्याला सोडत नाही. त्याच्या एका कृत्यापायी झोयाचा जसजीत मरतो. त्यानंतर तो दिल्लीत लोकांना चहा देत फिरतो ते काही झोया मिळावी म्हणून नाही. आणि त्या शेवटच्या सभेत आपलं काय होणार हे कळूनही तो जातो. तो मेला म्हणून मी त्याचं पुढचं बोलणं ऐकून घेतलं. उठून बसला असता तर टीव्ही बंद केला असता.'

मी गप्प बसले. बारा वर्षं मी त्या सिनेमाला नावं ठेवत होते आणि त्यातला न्याय मला दिसलाच नव्हता. कुंदनचं मरण हा त्याच्यावरचा निकाल आहे. तुम्ही तो निकाल फिरवलात. आता तुमच्या सिनेमात असं दिसतं की एखाद्या मुलीच्या मागे हात धुऊन लागा, तिच्या माणसाच्या मरणाला कारण व्हा, आणि शेवटी डोळे उघडून बघा, सगळं ठीक आहे. तुम्ही याला आनंदी शेवट म्हणता. माझी मुलगी याला वेगळं काहीतरी म्हणते, पत्रात लिहिता येणार नाही.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे त्यालाही कारण आहे. शेवटाची किंमत काय असते हे आम्हाला 'सैराट'नं २०१६ साली शिकवलं. (तोही २९ एप्रिललाच प्रदर्शित झाला होता. 'कयामत'नंतर बरोबर अठ्ठावीस वर्षांनी. या तारखेचं काय आहे कुणास ठाऊक.) अजय-अतुल यांच्या गाण्यांवर लोक थिएटरात नाचत होते. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, पडद्यासमोर, कुठेही. आणि त्याच सिनेमाच्या शेवटी गाणं नाही, वाद्य नाही, आवाजच नाही. ते पोर रडतं आणि रडणंही ऐकू येत नाही. फक्त लहान लहान लाल पावलं उमटत जातात. आधी एवढं नाचवलं नसतं तर ती शांतता अशी अंगावर आली नसती. नाचणारे आम्हीच होतो ना, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला. त्यात शेवट वेगळा आहे. मुलगा आणि मूल मरतात, मुलगी मागे राहते. मला तो तितका भिडला नाही, पण त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांनी नवा सिनेमा काढला, नवी माणसं घेतली, नवं नाव दिलं, आणि आपल्या मताचा शेवट केला. 'सैराट' जागच्या जागी आहे. आर्ची आणि परश्याला कुणी उठवून बसवलं नाही. शेवट पटत नसेल तर तुम्हीही हेच करा. पैसे घाला, पटकथा लिहून घ्या, नवा कुंदन शोधा आणि त्याला म्हातारा होईपर्यंत जगवा. मी तिकीट काढीन.

तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे असंही समजू नका. 'मुघल-ए-आझम' १९६०चा. २००४ साली तो पूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला, तेव्हा मी सासूबाईंना घेऊन गेले होते. मूळ सिनेमात थोडाच भाग रंगीत होता, शीशमहालातलं गाणं त्यातलं. बाकीचं सगळं काळं-पांढरं. रंग चढवले म्हणून पुष्कळ जाणकार तेव्हा नाराज झाले. सासूबाई मात्र खूश होत्या, त्यांना मधुबालाच्या ओढणीचा रंग बघायचा होता. पण रंग चढवणाऱ्यांनी सलीमला भुयाराची बातमी दिली नाही. अनारकली त्या भुयारातून जिवंत बाहेर पडते आणि सलीमला ते कळत नाही, ही त्या सिनेमाची जखम. तिला कुणी हात लावला नाही.

आणि २०२५ सालीच दुसरीकडे काय चाललं होतं? 'शोले'. तो काही शोकान्त प्रेमपट नाही, पण जय आणि राधाची गोष्ट आठवा, माउथ ऑर्गनवरचे ते सूर आठवा आणि मग सांगा. १९७५ साली, आणीबाणीच्या दिवसांत, सेन्सॉरनं त्याचा शेवट बदलायला लावला होता. ठाकूरच्या हातून गब्बर मरतो हे चालेना, म्हणून ऐन वेळी पोलीस आले. पन्नास वर्षांनी लोकांनी जुनी रिळं शोधली, साफ केली, एकेक चौकट दुरुस्त केली आणि मूळ शेवट परत बसवला. त्याचा पहिला खेळ इटलीत बोलोन्याला झाला. म्हणजे त्या एका वर्षात आपल्याकडे एका सिनेमाला त्याचा हिरावलेला शेवट परत मिळाला आणि दुसऱ्याचा हिरावून घेतला गेला. १९७५ साली निदान सरकारचा धाक होता. तुम्हाला कुणाचा होता?

एक मुद्दा मात्र मी टाळणार नाही. सगळेच शोकान्त चांगले नसतात. 'एक दूजे के लिए' आला तेव्हा त्याचा शेवट पाहून तरुण मुलं जिवाचं काही करून घेतील, ही चिंता उघडपणे बोलली गेली, आणि ती उगाच नव्हती. 'आशिकी २'चा शेवट तर मला आजही मान्य नाही. राहुल जयकर आणि आरोही शिर्के, दोन्ही आडनावं आपलीच, म्हणून आम्ही कौतुकानं पाहायला गेलो. दारूत बुडालेला माणूस स्वतःला संपवतो आणि सिनेमा त्याला त्याग म्हणतो. गाणी इतकी गोड की ते म्हणणं विनासायास गळी उतरतं. म्हणूनच मला राग आला. याच्यावर माझ्या मुलीशी माझं आजही पटत नाही. तिचं मत, आरोही पुढे गाते तो खरा शेवट आहे. असेल. पण मला न पटणारा हा शेवटही मी तुम्हाला बदलू देणार नाही. तो बदललात तर मी भांडू कशाशी? ज्यांना हे सिनेमे आवडतात त्यांच्याइतकेच ते ज्यांना आवडत नाहीत त्यांचेही असतात. दहा-दहा, वीस-वीस वर्षं आम्ही ते नाकारत बसलेलो असतो, फुकट नाही.

आणि तुमच्या धंद्याचाच विचार करायचा तर 'सनम तेरी कसम' बघा. फेब्रुवारी २०१६मध्ये आला तेव्हा पडला. फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त गल्ला जमला. मधल्या नऊ वर्षांत पोरांनी त्याची गाणी कानात घालून ठेवली होती. नायिका मरते हे प्रत्येकाला पाठ होतं. तरी, किंवा त्यासाठीच, ती पोरं रुमाल घेऊन आली. कुणी दारावर विचारलं नाही की बाबा, या वेळी ती जगते का? 'देवदास'चं तर काय सांगावं. सैगलचा, दिलीपकुमारचा, शाहरुखचा. तीन पिढ्यांना ठाऊक आहे की तो पारोच्या दारापर्यंत पोचतो आणि आत जात नाही. तीन पिढ्यांनी तिकिटं काढली.

मग मागणं काय, ते लिहिते. जुना सिनेमा पुन्हा लावा, जरूर लावा. धूळ झाडा, आवाज स्वच्छ करा, परवडलं तर रंगही चढवा. शेवटाला हात लावायचा तर दिग्दर्शक आणि लेखक यांची लेखी संमती घ्या. संमती मिळाली तरी पोस्टरवर नावाखाली, नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहा की शेवट बदललेला आहे आणि तो यंत्रानं केलेला आहे. जाहिरातीत चटक लावायला नव्हे, तिकीट काढणाऱ्याला आधी कळावं म्हणून. मूळ आवृत्ती बाजारातून, टीव्हीवरून, मोबाइलवरून कधीही काढून घेऊ नका. उद्या नव्या मुलांना फक्त उठून बसलेला कुंदनच सापडला, तर आम्ही कुठल्या सिनेमाबद्दल बोलतोय हेच त्यांना कळणार नाही.

मावशीचं राहिलंच. 'कयामत' ती एकूण तीनदा पाहायला गेली. पहिल्यांदा पूर्ण पाहिला. नंतर दोन्ही वेळा किल्ल्यातला संसार झाला, ते गाणं झालं, की पदर सावरून उठायची. 'मी बाहेर थांबते. दोघं सुखात आहेत तोवर निघते.' दाराचा पडदा बाजूला झाला की बाहेरच्या उजेडाची एक पट्टी आत पडायची आणि लोक चिडायचे. तिसऱ्या वेळी डोअरकीपरनं विचारलं होतं, 'बाई, शेवट बघायचा नाही?' मावशी म्हणाली, 'बघितलाय एकदा. पुरे.' आम्ही डोळे पुसत बाहेर यायचो तर ही शेंगदाण्यांची पुडी घेऊन उभी. 'झालं का?' म्हणायची. जणू आत कुणाचं ऑपरेशन चाललं होतं.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, 'मावशी, आता यंत्रानं शेवट बदलता येतो. राज आणि रश्मी जगले असं दाखवलं तर पूर्ण बघशील?' मला वाटलं होतं, खूश होईल.

तिनं जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, 'मग मी उठून कशाला जात होते?'

तुमच्यापैकी ज्या कुणाकडे 'कयामत'चे हक्क असतील त्यांनी तो आमच्या गावात एकदा लावावा, ही विनंती. मूळचा, पूर्ण, शेवटच्या सूर्यासकट. आम्ही चौघं येऊ. एक खुर्ची मात्र कडेची लागेल, दाराजवळची. मावशीचे गुडघे आता धरतात, तिला उठून बाहेर पडायला वेळ लागतो.

आपली,
एक प्रेक्षक, सोलापूर